तळ्याकाठी रिव्हर्स

आमची आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, विकायची की ठेवायची, याचा निकाल साउथ डकोटातल्या एका तळ्याकाठी लागला. खरं सांगायचं तर तो मी लावला.

बर्फ पडायच्या थोडं आधी नवऱ्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बाकी सगळं सावरलं, पण डाव्या हाताची पकड गेली आणि डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. ईडन प्रेरी गावातल्या आमच्या घरासमोर ती अठ्ठावीस फुटी गाडी हिवाळाभर उभी, आणि हे खिडकीतून तिच्याकडे बघत बसलेले. बारा वर्षं आम्ही तिच्यातून हिंडलो. चालवायचे हे, मी शेजारी बसून संत्री सोलायची आणि वेग वाढला की बोलायची. मुलगा म्हणाला, विकून टाका. लायसन्स आईकडेही आहे, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही, याचा मला भयंकर राग आला. खूप वाद झाल्यावर त्याने अट घातली: एप्रिलमध्ये एक ट्रिप करा, पण आईने कुणा परक्याची मदत न घेता गाडी जागेवर लावली तरच ठेवायची. ज्याला मी सायकल शिकवली, तो माझी परीक्षा घेणार होता. मी अट मान्य केली.

हायवेचं काही विशेष नाही, सरळ जायचं असतं. आम्ही पोचलो तेव्हा तळ्याच्या मध्यभागी अजून बर्फाचा करडा पापुद्रा होता. काठचं गवत वाळकं, कॅम्पग्राउंडचे नळ थंडीमुळे अजून बंद, म्हणून पाणी आम्ही घरूनच कॅन भरून आणलं होतं. आमची जागा अगदी पाण्याला लागून होती, पण गाडी रिव्हर्समध्ये दोन झाडांमधून न्यायची होती. मागचा कॅमेरा थंडीत बंद पडलेला.

नवरा खाली उतरून मागे उभा राहिला. जन्मभर इंजिनियरकी केलेला माणूस. स्टिअरिंग किती अंश फिरवायचं ते सांगू लागला. उघड्या माळावरचा वारा त्यांचे निम्मे शब्द उडवून नेत होता. उरलेल्यांत 'डावीकडे' असायचं, पण कुणाच्या डावीकडे ते कळायचं नाही. तिसऱ्या खेपेला मागचं चाक चिखलात गेलं, मी गाडी कशीबशी पुढे काढली. शेजारच्या गाडीतले पांढऱ्या दाढीचे आजोबा कुत्र्याला घेऊन आले आणि मी लावून देऊ का, असं अदबीने विचारू लागले. नवऱ्याने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला सहन झाली नाही. मी आजोबांचे आभार मानले आणि नको म्हणून सांगितलं.

मग काच खाली करून ह्यांना जवळ बोलावलं.

"अहो, आता एक शब्द बोलायचा नाही. एसटीच्या बेलसारखं करा. गाडीवर हात मारा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे."

कॉलेजची चार वर्षं हे तालुक्याच्या गावाहून एसटीने, कंडक्टरच्या शेजारी उभे राहून गेलेले. कितीतरी महिन्यांनी ते मनापासून हसले. डावा हात जॅकेटच्या खिशात, उजवा गाडीच्या अंगावर. दोन ठोके. मी ब्रेक सोडला. एक ठोका. मी ब्रेक दाबला. ठोका थेट माझ्या सीटपर्यंत पोचत होता, वाऱ्याचं काही चालेना. इंच इंच करत अठ्ठावीस फूट त्या दोन झाडांमधून गेले आणि शेवटचा एक ठोका पडला. मी इंजिन बंद केलं. आजोबांनी लांबूनच कॉफीचा मग उंचावला. खाली उतरून चालले मी निवडणूक जिंकल्यासारखी.

दोन दिवसांसाठी गेलो होतो, चार राहिलो. सकाळी उशिरा उठायचं, पोहे करायचे, खुर्च्या टाकून बर्फ कुठवर वितळला ते बघायचं. चौथ्या दिवशी तळं पूर्ण मोकळं झालं आणि हंसांचा एक थवा गोंगाट करत पाण्यात उतरला. दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

"ओके, आई. यू विन. पण बाबा, तुम्हाला काय वाटतं? आर वी कीपिंग इट?"

ह्यांनी टेबलावर दोन ठोके मारले. दुसरा जरा हलका पडला, पण ते दोन्ही त्यांनी डाव्या हाताने मारले होते.