हिरवा टाका

पट्टीअक्काकडे मापाचा टेप नव्हता. चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई, पण गळ्यात टेप कधी दिसला नाही. आकडे तिला वाचता येत नव्हते. तिच्या पुढच्या खोलीत दारामागे एका खिळ्याला कापडाच्या पट्ट्या टांगलेल्या असत, प्रत्येक बाईची एक. पहिल्या ब्लाउजच्या कापडाचा काठ ती कापून ठेवायची आणि माप घेऊन त्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घालायची. लाल टाका छातीचा, हिरवा कमरेचा, काळा दंडाचा. दर वेळी नवा टाका. जुना उसवायचा नाही. काठच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काठ ताणत नाही गं. मधलं कापड ओढलं की वाढतं, मग खोटं बोलतं."

तिचं घराणं पूर्वी कापड रंगवणाऱ्यांचं. मराठी बोलायची, पण चार शब्दांनंतर एक कन्नड यायचाच. मी निपाणीकडून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा मला कन्नड ओ की ठो कळत नव्हतं. या गल्लीत सासरच्या माणसांखेरीज माझ्याशी मराठीत बोललेली ती पहिली बाई. माझी पट्टी जांभळ्या खणाच्या काठाची होती. आईने रुखवतात दिलेला खण तो. त्यावर लग्नाचा हिरवा टाका, मग दोन मुलांनंतरचे दोन. सगळे एकमेकांना खेटून.

अक्का जमिनीवर बसून कापड बेतायची. टेबल घेऊन देतो म्हणून मुलगा मागे लागला होता, तिने घेऊ दिलं नाही. आणि उठायची ती हात न टेकता. एका हातात कात्री, दुसऱ्यात कापड, आणि पासष्टीची ही बाई मांडी सोडून सरळ उभी. गिऱ्हाइकांनाही ती चटईवरच बसवायची आणि उठताना त्यांच्याकडे बघत राहायची. मला त्या बघण्याची लाज वाटायची. ती नुसती गंमत बघते असं मला वाटत असे.

बेचाळिसाव्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. अंडाशयावर गाठ होती. ती वाईट नव्हती, पण डॉक्टरांनी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मीही मानले. मग अंगातून वाफा निघू लागल्या, भर जानेवारीत पंख्याखाली बसावं लागे. आणि वर्षाच्या आत माझा एकही ब्लाउज मला बसेना.

नणंद आमच्या शेजारच्याच घरात राहायच्या. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मी त्यांना वन्संच म्हणते. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ऑपरेशन चांगलंच मानवलं हं वहिनी तुम्हाला." सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कुणीतरी वरच्या फळीवर ठेवला होता, जिथे माझा हात पोचत नाही. घरात तेवढे उंच एकटे माझे यजमान. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. पुढे सकाळचं खाणंही सोडलं. दिवसातून एकदा दोन पोळ्या. तरी कमर उतरेना. ब्लाउजांची आतली माया, शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, मी घरीच उसवत गेले, शेवटी उसवायलाही काही उरलं नाही. मग मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले आणि बाहेर जाणंच टाळू लागले. आपल्यालाच कळत नाही अशी काहीतरी चोरी आपण करतोय, असं मला खरोखरच वाटायला लागलं होतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस नव्हतं.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र अक्काकडे जाणं भाग पडलं. दीड वर्षाने गेले. तिने खिळ्यावरून जांभळी पट्टी काढली आणि माझ्या कमरेला लावली. मी म्हणाले, अक्का, जुन्याच टाक्यावर शीव, लग्नापर्यंत मी उतरवते. तिने विचारलं, काय खातेस. मी सांगितलं. मग उठायला गेले तर पाय उचलेनात, डोळ्यांपुढे अंधारी आली. शिवणयंत्राचा पाय धरून मी तशीच बसले.

अक्का आत गेली. ताक आणि चटणी लावलेली पोळी घेऊन आली आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाही. मग तिने खिळ्यावरच्या सात-आठ पट्ट्या काढून माझ्यापुढे पसरल्या. कुणाची कुठली ते कळू नये म्हणून नक्षीच्या टोकावर तळवा ठेवला.

"नोडु, बघ. नुसता हिरवा बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. प्रत्येक पट्टीवर हिरवे टाके वर्षानुवर्षं जवळजवळ होते. मग एकदम चार बोटांची उडी. माझ्यासारखीच. एखादीवर ती उडी हळूहळू, तीन-चार टाक्यांत होती. त्या बायकांची पाळी आपसूक गेलेली, अक्काने सांगितलं. ऑपरेशन झालेलींची मात्र एका दमात.

अक्का म्हणाली, "या सगळ्या चोरून खातात काय गं?"

मला रडू आलं. तिने रडू दिलं. दीड वर्षात पहिल्यांदा छातीवरून कुणी काही उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

नंतर तिने आणखी दोन पट्ट्या काढल्या. त्यांच्यावरही उडी होती, पण उडीनंतरचे टाके बाकींच्यासारखे पुढे सरकत गेले नव्हते, जिथल्या तिथे, एकावर एक बसलेले. एक पट्टी वरुणा गावाहून बसने येऊन डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकणाऱ्या बाईची. दुसरीच्या टोकावरचा हात तिने काढला. ती तिची स्वतःची होती. एकोणचाळिसाव्या वर्षी तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते ठाऊक नव्हतं. हात न टेकता उठायचा नेम तिने तेव्हापासून धरलेला.

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि मला जे विचारता येत नव्हतं ते सगळं तिने कन्नडमधून विचारलं. बाईंनी सांगितलं की अंडाशयं काढली की त्यांच्यातून येणारं हार्मोन एकदम बंद होतं. मग चरबी पोटाकडे जाते, स्नायू आणि हाडं कमकुवत होतात. उपाशी राहिलं तर स्नायू आणखीच झिजतात. डाळ, दूध, अंडं खा, चाला, वजन उचला. हाडांची तपासणी करायला लिहून दिली. त्या संध्याकाळी मी यजमानांना हे जसंच्या तसं सांगितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण शरीराबद्दल इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते ऐकत राहिले. मग उठले आणि वरच्या फळीवरचा डबा काढून खाली ठेवला.

अक्काने मला ताब्यात घेतलं. पहाटे साडेपाचला आम्ही रेल्वे स्टेशनापर्यंत चालत जायचो. ती पुढे चपला वाजवत, मी मागे पदर सावरत. दुपारी तिच्या खोलीत चटईवर दहा वेळा बसायचं आणि उठायचं, सुरुवातीला भिंत धरून. तिची जुनी पितळी कोळशाची इस्त्री होती, वापर बंद झालेली. ती शिवता शिवता मला ती इस्त्री उचलायला लावायची, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मध्येच माझ्या अंगातून वाफ निघून घाम सुटला की म्हणायची, "बघ, कोळशावाचून तापली." मला इतकं हसू यायचं की इस्त्री खाली ठेवावी लागे.

सहा महिन्यांनी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले तर फक्त दीड किलो कमी. मी खट्टू होऊन आले. अक्का म्हणाली, "काटा बघायला मान खाली घालावी लागते. सोड त्याला." पट्टी लावली तर हिरवा टाका दोन बोटं मागे आला होता. चार नाही, दोनच. त्यानंतर तो तिथेच राहिला. माझ्या लग्नाच्या टाक्यापर्यंत मी परत गेले नाही. पण जिना चढताना थांबावं लागत नव्हतं आणि मी दोन वेळा पोटभर जेवत होते. लेकीच्या लग्नातला ब्लाउज तिने बरोब्बर मापाचा शिवला होता. आत दोन्हीकडे भरपूर माया सोडली होती, न विचारता.

गेल्या वर्षी तिची नजर फारच कमी झाली. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागे. मुलाने तिला शिमोग्याला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी तिने आम्हा बायकांना बोलावलं, चटईवर बसवलं आणि जिची तिची पट्टी हातात दिली. बोटांनी काठ चाचपून ती ओळखत होती, एकही चुकली नाही. माझ्या वन्सं पण आल्या होत्या. गेल्या दोन वर्षांत त्यांचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता, पाळी थांबत आलेली. आपली पट्टी त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी तिकडे बघितलं नाही.

मला अक्काने पट्टीबरोबर इस्त्रीही दिली. एका हातात इस्त्री, दुसऱ्यात पट्टी घेऊन मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की अक्का बघत होती, त्या मिटत चाललेल्या डोळ्यांनी, पहिल्यासारखीच. मी तिच्या पाया पडले.

परत येताना वन्सं माझ्या बरोबर चालत होत्या, थोड्या मागे. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, सकाळी किती वाजता निघता?"

माझ्या मनात बरंच काही येऊन गेलं. डबा आठवला, ते हसणंही आठवलं.

"साडेपाचला," मी म्हणाले. "पण काहीतरी खाऊन या."