गुलाबी कॉलरचे शिपाई

सौदीतल्या अल खर्जच्या डेअरीत आम्ही दोघं नऊ वर्षं एका खोलीत राहिलो. मी फिटर, तो ड्राफ्ट्समन, दापोलीकडचा. आठवडाभर दुधाच्या पाइपांची ड्रॉइंगं काढायची आणि शुक्रवारी जुन्या फ्रेंच फौजेचे शिपाई रंगवायचे, हा त्याचा नेम. साहेबांच्या बंगल्याच्या गच्चीत, उन्हावाऱ्यात पानं फडफडत पडलेलं एक फ्रेंच पुस्तक त्याला मिळालं होतं. त्यातला एकेक गणवेश तो जलरंगात उतरवायचा, बटणं मोजून. खालच्या फ्रेंच ओळीही सुबक अक्षरात जशाच्या तशा. अर्थ त्याला ठाऊक नव्हता आणि मला तर नव्हताच. मी त्याला वेडा म्हणायचो. बाकीचे पत्ते कुटतात त्यापेक्षा बरं, हे मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

मग सौदीकरण आलं. त्याच्या टेबलावर एक स्थानिक पदवीधर बसला आणि याच्या हातात फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायचा कागद, पडला. पन्नाशीच्या, हातानेच ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला गावी कोण विचारणार? उरली ती चित्रं. यंत्रं तपासायला आलेला फ्रेंच इंजिनिअर ती तिकडे कुणाला तरी दाखवेल, त्यांचं पुस्तक निघेल, असं तो धरून बसला. खरं सांगतो, मीही बसलो होतो.

इंजिनिअरने सगळी चित्रं सावकाश पाहिली. मग कॉलर गुलाबी का, असं विचारलं. पुस्तकात तशीच आहे, हा म्हणाला. इंजिनिअरने पुस्तक शिवणीपाशी ताणून उघडलं. ऊन न पोहोचलेल्या त्या कडेला रंग लालभडक होता. मग याच्याच चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवून त्याने अर्थ सांगितला: कॉलर लाल, बाहीची पट्टी लाल. एकूण एक चित्राखाली याने स्वतःच्या हाताने ते लिहून ठेवलं होतं.

इंजिनिअर माणूस भला होता, तरी मला त्याचा संताप आला. याच्या जाण्याला दोनच दिवस उरले होते, तेवढे गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?

निघायच्या दिवशी याने बॅगेत कपडे भरले आणि चित्रांचा गठ्ठा कॉटखाली सरकवला. मी म्हटलं, "घेऊन जा रे. गावी कुणाला कळतंय?"

"नऊ वर्षं मला तरी कुठं कळलं?" तो म्हणाला.

चार महिन्यांनी माझाही इकामा, राहण्याचा परवाना, संपला. बॅगेत जागा होती. पण तो गठ्ठा घेऊन त्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? तिथेच टाकून आलो.