डाव्या हाताची गिटार

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारापूरला माझ्या भावाकडे होते. अंगणात सोलं वाळत घातली होती, ती पालथी करत होते. सुहास, म्हणजे माझा नवरा, फोनवर एवढंच म्हणाला, "आबा गेले... जेवून आड पडले, ते उठूकच नायत." मला आधी रडू नाही आलं, राग आला. सकाळी निघताना मी त्यांना म्हटलं होतं, संध्याकाळी परत येते. त्यावर आबा म्हणाले, "सावकाश ये गो बाये, मी खंय पळतंय?" आणि दुपारीच पळाले. सासरे म्हणून त्यांनी मला कधी दुखावलं नाही, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे. कारापूरहून पेडण्यापर्यंतच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता आणि मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. घर जवळ आलं, अंगणात चपला दिसल्या, तेव्हा कुठे डोळ्यांना पाणी आलं.

गाव त्यांना पुंडलिकबाब म्हणायचं. इब्रामपूरच्या अलीकडे आमचं गाव, गावात विठोबाचं देऊळ, आणि त्या देवळातल्या भजनी मंडळात गाणं आणि पेटी आबांची. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची. सुहास तबला वाजवतो, दीर गातो, नणंद माहेरपणाला आली की पहिल्यांदा पेटीवरचं कापड काढते. माझ्या माहेरी गाणं म्हणजे रेडिओ, तोही बातम्यांसाठी. लग्न होऊन आले तेव्हा मी थक्कच झाले होते. या घरात कुकरची शिट्टी झाली तरी तिघं जण तिची पट्टी सांगतात! मला काळी कुठली आणि पांढरी कुठली हे अजून कळत नाही. आबांनी ते पहिल्या वर्षीच ओळखलं आणि मला म्हणाले, "बरा झाला. घरात एकटो तरी आयकणारो जाय." तेव्हापासून मी या घरातली अधिकृत श्रोता. आणि श्रोत्याला कलाकारांवर चिडायचा हक्क असतो, तो मी भरपूर वापरला.

आमची मुलगी रेवती डावरी. जेवताना, लिहिताना, भांडताना आधी पुढे येतो तो तिचा डावा हात. देवळात तीर्थ घेताना भटजी तिचा हात बाजूला सारून दुसरा ओढायचे, हळदीकुंकवाच्या बायका मला सुचवायच्या की आत्ताच वळण लावलेलं बरं. मी हसून सोडून द्यायची. पण पेटीपाशी ते हसण्यावारी गेलं नाही. आबांनी तिला मांडीशी घेऊन शिकवायला सुरुवात केली, तर ही डाव्या हाताने पट्ट्या दाबायची आणि उजव्याने भाता मारायला जायची. आबा तिचा हात उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे. "उजवो, बाय, उजवो." रागावून नव्हे, अगदी मायेने. पण प्रत्येक वेळी. ती हात बदलायची, बोटं अडखळायची, घरातले सगळे जाणकार एकदम चुक्चुक् करायचे. तबलजी बाप, गायक काका, पाहुणी आत्या... सगळ्यांचे कान तयार आणि सगळे कान त्या एवढ्याशा पोरीवर. एके दिवशी तिने भाता मिटला, कडी लावली आणि म्हणाली, "माका नाका." त्या गुरुवारी घरी भजन होतं. ती आली नाही, मागच्या दारी बसून राहिली. पुढच्या गुरुवारी पण नाही.

आबांना ते फार लागलं. आमच्या घरातलं मूल भजनातून उठून जातं, हे त्यांच्या समजुतीत कुठे बसतच नव्हतं. ते गायचे, पण मधेच मागच्या दाराकडे बघायचे. मी चहा घेऊन गेले की विचारायचे, "आसा खंय ती?" मी पण सरळ उत्तर देत नव्हते. म्हटलं, जिथे हात बदलावा लागत नाही तिथे आहे. उलट बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मला तर तो स्वभाव जन्मजात आहे.

रेवती तिसरीत असताना शाळेतल्या गाण्याच्या सरांनी कार्यक्रमानंतर आपली गिटार मुलांना हातात धरायला दिली. आमच्या गोव्यात गिटार काही नवलाची नाही, निम्म्या गावाला ती येते. पण रेवतीने ती घेतली ती उलटी. मुलं हसली, सर पण हसले, आणि तरीही ही बया घरी आली ती उड्या मारत. खुंटीवरची सुपली काढून छातीशी धरली आणि दिवसभर तिच्यावर बोटं फिरवत बसली. मग सरळ आबांच्या पुढे जाऊन उभी. "आजो, माका गिटार जाय."

"गिटार?" आबा म्हणाले. "ती पावाक लावन खातत मगो?"

ती हसली नाही. कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. सुहास म्हणाला, पेटी टाकली, उद्या गिटारही टाकेल. दीर म्हणाला, आपल्या घरात गिटार म्हणजे देव्हाऱ्यात केक. मी काही बोलणार, इतक्यात आबांनी टोपी घातली. "रविवारी म्हापशाक जावया," म्हणाले. पुढे कोणाची बोलायची टाप नव्हती.

म्हापशाच्या त्या दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. दुकानदार भला माणूस. त्याने एक लाल चकचकीत काढली, एक भली मोठी काढली, आणि एक लहान, तपकिरी, नायलॉनच्या तारांची. मोठीच्या मागे रेवतीचं फक्त कपाळ दिसत होतं. लालवर सुहासचा डोळा होता, का ते त्यालाच ठाऊक. आबांनी तिन्हींच्या लाकडावर टिचकी मारून पाहिली आणि तपकिरी तिच्या मांडीवर दिली. तिने ती लगेच फिरवली, दांडी उजवीकडे, डावा हात तारांवर. दुकानदाराने हलकेच सरळ केली. तिने परत फिरवली. तेव्हा दुकानदार आबांना म्हणाला, "बाबा, उजव्या हातान शिकूं दी तिका. मागीर खंयूय गेली तरी कोणाचीय गिटार घेवन वाजयतली. डाव्या हाताची कोणाकडे मेळना." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, डाव्या हाताची गिटार दुसऱ्या कोणाकडे मिळणार नव्हती. सुहासने मान डोलावली. मला मात्र दिसत होतं, आज जर हिचा हात पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवला, तर ही हे वाद्यसुद्धा मुकाट्याने खाली ठेवील आणि मग या घरात परत कधी काही मागणार नाही. रेवतीने आजोबांकडे पाहिलं. ते आता "उजवो, बाय" म्हणतील याची तिला खात्रीच होती.

आबा खाली बसले. दुकानात, फरशीवर, मांडी घालून. त्यांनी हळू आवाजात नामाचा गजर धरला, आमच्या घरात गुरुवारी धरतात तोच, आणि तिला म्हणाले, तार सोड, नुसतं लाकडावर वाजव, मनाला येईल तसं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. आधी दुकानदाराने सांगितलं तसं, उजव्या हाताने. ती ऐकत होती आणि मग वाजवत होती, जरा मागून, जरा भीत. आबांनी गाता गाताच खूण केली, आता बदल. तिने गिटार फिरवली आणि डावा हात लाकडावर पडला तो बरोबर समेवर! नंतर प्रत्येक आवर्तनाला तिथेच. आबांनी लय वाढवली, ती वाढली. त्यांनी मुद्दाम एक आडवी तान घातली, ती हसत थांबून राहिली आणि पुन्हा समेवर आली. सूर न कळणाऱ्या मला सुद्धा ते कळलं. आबा मधेच थांबले.

"तारो उलट्यो घाला," ते दुकानदाराला म्हणाले.

"पूण बाबा, मागीर कोणाचीय गिटार..."

"कोणाची कित्याक वाजवूक जाय? आपली वाजयतली."

गाडीत रेवती त्यांच्या शेजारी बसली होती. अस्नोड्याच्या पुढे आबा तिला म्हणाले, "पेटयेर मी तुजो हात उगाच फिरयत होतंय गो." ती म्हणाली, "हय." एवढाच तो संवाद. आमच्या घरात याहून मोठी माफी मागितलेली मी पाहिली नाही, आणि इतक्या झटकन दिलेलीही नाही.

तारा उलट्या चढवून गिटार घरी आली आणि आबांनी पुढचा घोटाळा केला, जो फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. गिटारीच्या तारा कुठल्या सुरात लावतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं कशाला? त्यांनी पेटी पुढे घेतली, आपली काळी दोन धरली, आणि सगळ्या तारा सा आणि प मध्ये लावून टाकल्या. तंबोरा! शाळेतल्या सरांनी दुसऱ्या दिवशी तार छेडली आणि चक्रावून विचारलं, "ही कोणी लावली?" रेवती अभिमानाने म्हणाली, "आजोन." पण त्या घोटाळ्याचा फायदा असा झाला की तिला एकही बोट दाबायला न येता ती त्याच गुरुवारी भजनाला बसली. नुसता हात फिरवायचा, आणि आबांचा आवाज त्याच्यावर आरामात टेकायचा. पुढे कित्येक वर्षं ती गिटार सरांकडे एका सुरात आणि घरी दुसऱ्या सुरात लागायची. सुहास म्हणायचा, या पोरीच्या खुंट्या झिजून जातील. झिजल्या नाहीत. बोटं मात्र अशी तयार झाली की सरांनी तिला आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांत बसवलं.

खरी लढाई देवळातली. सप्ताहात आमच्या मंडळाची पाळी दुपारची. पखवाजाला विठूबाब, आबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि त्यांची जागा कायमची आबांच्या उजव्या हाताला. गिटार घेऊन आलेली रेवती पाहून ते म्हणाले, "पुंडलिका, देवाच्या फुडे गिटार? आनी ती सुद्धा डाव्या हातान?"

आबा गाभाऱ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या विठोबाचे दोनय हात कमरेर आसत. डावो जाय की उजवो जाय, ह्या त्याणा तुका केन्ना सांगल्यान?"

लोक हसले, पण विठूबाब नाहीत. त्यातून आणखी एक पंचाईत. रेवतीच्या गिटारीची दांडी इतरांच्या उलट दिशेला, तिच्या उजवीकडे येते. आबांच्या डावीकडे बसवली तर दांडी थेट त्यांच्या कानाला. तिला आबांच्या शेजारी बसवायचं तर त्यांच्या उजव्या हाताला, ओळीच्या टोकाला, आणि तिथे विठूबाब. "मी जाग्यावयल्यान हलूचंय नाय," ते म्हणाले. "हलू नाका," आबा म्हणाले. उठले, पेटी उचलली, विठूबाबांच्या पलीकडे जाऊन बसले आणि आपल्या उजव्या हाताला रेवतीला बसवलं. विठूबाब तसूभर हलले नव्हते, तरी आता ते आबांच्या डाव्या हाताला आले होते! सभामंडपात हशा पिकला. मग आबांनी पट्टी दाबली, रेवतीने हात फिरवला, आणि त्या सा-प च्या भरदार गुंजनाने देऊळ भरलं. गात होती नेहमीचीच सात-आठ माणसं, पण चाळीस गातात असं वाटायला लागलं. गजर चढला तेव्हा ज्या बायकांनी मला वळण लावायचा सल्ला दिला होता, त्याच टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघून घेतलं. शेवटी शेवटी विठूबाबांचा पखवाज आणि रेवतीचा डावा हात यांची अशी काही जुंपली की आबा गायचं सोडून दोघांकडे बघत बसले. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत रडले, आनंदाने, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

रेवती आता पणजीला कॉलेजात आहे. आबांच्या बाराव्यानंतरचा पहिला गुरुवार आला, तेव्हा भजन ठेवायचं की नाही यावर घरात कुजबूज होती. विठूबाब कोणाला न विचारता पखवाज घेऊन आले. हल्ली त्यांचे गुडघे धरतात, पण चटईवर बसले ते जुन्या जागी, आबांच्या रिकाम्या जागेच्या डावीकडे. सुहासने पेटी तिथे आणली, पण बसवेना, तो तबल्याकडेच वळला. पेटी बंदच राहिली. सावंतवाडीहून आलेला एक पाहुणा उजव्या टोकाला बसू लागला, तर विठूबाब खेकसले, "थंय नाका! थंय आमच्या चेडवाची गिटार येता."

रेवतीची बस उशिरा पोचली. ती पाय धुऊन आली, टोकाला बसली, गिटार काढली. सगळे थांबले होते. सूर कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या चटईवर कधी पडलाच नव्हता... तो नेहमी पेटीच द्यायची. विठूबाबांनी पखवाज मांडीवर घेतला, हातोडी काढली आणि मिटलेल्या पेटीकडे एकदा पाहून मान पलीकडे वळवली.

"रेवतीबाय," ते म्हणाले, "सूर दी."

त्यांनी तिच्या नावापुढे मानाने बाय लावलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिने डावा हात तारांवरून फिरवला. विठूबाब मान वाकवून पखवाजाची पुडी ठोकत राहिले, तिच्या सुराला लागेपर्यंत.