पायरीवरचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — मुलांना नाही, सुनेला नाही, देवापुढंही नाही. मूर्खपणा एवढाच, की मला पुलाची भीती वाटली.

हसू नका. नांदेडला आमच्या गल्लीसमोर पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल झाला — अहिल्यादेवी पादचारी पूल. मी नवी साडी नेसून मिरवत चढले. काय तो तोरा! मधोमध गेले आणि खाली बघितलं. पायाखाली नुसती जाळी, जाळीतून पळणारे ट्रक. कठड्याला पालीसारखी चिकटून मी मागं फिरले. आत्ता लिहितानाही तळवे ओले झालेत.

खाली शेवंता उभी. आमची शेजारीण, माहेर नायगावचं, भोळी. रोज रस्त्यापलीकडच्या देवळात जायची. तिनं विचारलं, अक्का, परत का आलीस? — खरं सांगायला माझं काय जात होतं? पण पन्नाशी उलटलेली, मॅट्रिक झालेली मी शहाणी, ‘भ्याले’ म्हणेन होय? पहिल्याच पायरीवर पिवळ्या रंगात पुलाचं नाव लिहिलेलं. त्याच्याकडं बोट केलं नि म्हटलं, बघ, देवीचं नाव हाय. त्याच्यावर चपला घेऊन चढायचं? लई पाप लागतं.

राज्य केलेल्या बाईची मी घडीभरात शाप देणारी देवी करून टाकली. वर घरी येऊन एकटीच हसले.

शेवंता त्या पुलावर कधी चढली नाही. खालूनच जायची, पदर सावरत, गाड्यांमधून. मी गॅलरीतून बघायचे — आज सांगू का? उद्या सांगू? मग एका सकाळी ब्रेक करकचून वाजला. मी गॅलरीत गेलेच नाही. कोण पडलं असेल ते बघायची गरज होती का मला?

ऑटोनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं. आजही ती काठी टेकत माझ्याकडं येते आणि ती टकटक दाराशी आली की धस्स होतं — आज विचारणार. पण सगळ्यात भ्याले ते दवाखान्यात. मोसंब्यांची पिशवी घेऊन मी दारातच थांबले होते. तिनं जवळ बोलावलं, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली,

“अक्का, पाय मोडला तं मोडला. देवीच्या नावावर तं न्हाई पडला माझा पाय. तू सांगितलंस म्हणून वाचले बघ.”