पप्पांचा दम आणि रोटरीचं बटण

पप्पांनी गाणं सोडलं तेव्हा मी सायबिणीवर, आमच्या मरियामातेवर, रागावले होते, हे आधीच कबूल करते. आमच्या खाडीकाठच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, चाळीस वर्षं मुख्य आवाज त्यांचा. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत, खुशाल गा. तरीही पप्पा गायला उभे राहिले की पहिलं कडवं संपायच्या आत थांबायचे. तीन रविवार असं झालं आणि चौथ्या रविवारी ते कॉयरमधल्या गाणाऱ्यांत न येता मागच्या बाकावर जाऊन बसले. घरातलं गुणगुणणंही बंद झालं. ताटातला भात अर्धा टाकून उठायचे, कुणी काही विचारलं की 'हूं' म्हणायचे. ऑपरेशनमधून वाचलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला काहीच करता येत नव्हतं.

ते इस्पितळात असतानाच इगर्जीतला जुना ऑर्गन गेला. पायाने भाता मारून वाजवायचा तो. उंदरांनी भाता कुरतडला. त्याच्या जागी एक कीबोर्ड आला आणि वाजवणारी मीच असल्याने तो माझ्या गळ्यात पडला. ऑर्गनचे आवाज त्यात वीसेक होते. जुन्या विजेवरच्या ऑर्गनना लाकडी पेटीत फिरणारा कर्णा असायचा, त्याने सूर हेलकावे घ्यायचा. तो परिणाम इथे 'रोटरी' नावाच्या बटणावर मिळायचा, हळू किंवा जलद. मी हौसेने जलद लावला. पप्पा म्हणाले, "आवाज थरथरता गो. माका दम पुरणा नाय." मग मी तो हळू केला, मग बंदच केला. सूर जाड-बारीक करणाऱ्या सरकपट्ट्या रोज वेगळ्या खेचून पाहिल्या. पुस्तिका पाठ झाली. एकेका आवाजावर पप्पांना गायला बसवायचे, ते दोन ओळी गायचे आणि मान हलवून उठायचे. शेवटी म्हणाले, "तुझ्या डब्याचो दोष नाय. माझो भातो फाटलो." मला तिथेच रडू आलं.

फेस्ताच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, सुरू व्हायला तीन दिवस होते. दुपारी मी एकटीच इगर्जीत सराव करत होते. वाजवता वाजवता थांबून सायबिणीच्या मूर्तीकडे पाहिलं आणि चक्क भांडले. पप्पांना वाचवलंस ते असं गप्प बसवायला का, असं काहीबाही बोलले. मागून खोकल्याचा आवाज आला म्हणून वळले तर दारात एक साठीचा माणूस उभा. चपला बाहेर काढलेल्या, खांद्यावर टॉवेल. कसालकडचा होता. दशावतारी कंपनीचा टेम्पो पुढच्या गावच्या जत्रेला निघाला होता, तो आमच्या फाटकासमोर पंक्चर झाला. हा त्या कंपनीत पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम, वाजवायचा. पेटीचा आवाज ऐकून आत आला होता. माझं भांडण त्याने ऐकलं असणार. "वाजय बघया," एवढंच म्हणाला.

मी पप्पांचं इगर्जीतलं आवडतं गायन वाजवलं. तो डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच हसायला लागला. "नाटकातलो राजा बोलता बोलता थांबलो, की माझो पाय थांबता. तुझो ह्यो थांबणाच नाय. माणसान दम घेवचो खंय?"

मला एकदम आठवलं. जुना ऑर्गन प्रत्येक ओळीच्या शेवटी खचायचा. वाजवणाऱ्याचा, पुढे माझा, पाय वर यायचा, सूर बसायचा आणि त्या फटीत पप्पा श्वास घ्यायचे. चाळीस वर्षांची ती सवय. मी मात्र त्या खचण्याला ऑर्गनचा दोष समजत होते आणि कीबोर्ड अखंड वाजतो म्हणून खूश होते. पप्पा त्या अखंड सुरामागे धावून दमत होते.

"पायाक काय आसा ह्येका?" त्याने विचारलं. होतं. आवाज कमी-जास्त करायचं पेडल कपाटात खोक्यातच पडून होतं, कुणीतरी अडखळून पडेल म्हणून मी ते लावलंच नव्हतं. आम्ही ते जोडलं; पुढे दाबलं की आवाज चढायचा, पंजा उचलला की बसायचा. रोटरीही त्याने चालू करायला लावली. "फिरणां बंद करू नको, आवाजाचा लाकूड होता. सावकाश फिरांदे. आणि बोटांकडे कित्याक बघतस? गाणाऱ्याच्या छातीकडे बघ." बाहेर हॉर्न वाजला. टॉवेल सावरत तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलं.

पप्पांना मी काही सांगितलं नाही. नोव्हेनाच्या पहिल्या संध्याकाळी कॉयरची जागा बदलली आणि मागच्या बाकावरचे पप्पा मला समोर दिसतील असा कीबोर्ड फिरवून ठेवला. तिसऱ्या गायनाला त्यांचे ओठ हलायला लागले. मी त्यांच्या छातीकडे पाहत वाजवत होते. ती भरायला लागली की पाय उचलायचा. दुसऱ्या कडव्याला ते उभे राहिले. चौथं कडवं संपेपर्यंत थांबले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "तुझो डबो सुधारलो गो." त्या रात्री ताटात एक शीतही ठेवलं नाही.

पंक्चर कुठेही होऊ शकतं, त्यात सायबिणीचा हात असेलच असं नाही, हे मलाही कळतं. मी त्यावर वाद घालत नाही, फक्त सायबिणीची माफी मागितली आणि त्या माणसासाठी रोज एक प्रार्थना म्हणते. मी पप्पांचा आवाज परत मागत होते. मला मिळालं ते त्यांच्या श्वासाकडे पाहत बसणं. आता दर ओळीच्या शेवटी मी पाय उचलते आणि वाट पाहते. तो श्वास माझ्या हातात नाही, पायातही नाही. आजवर तो आला. एखाद्या रविवारी येणार नाही, तेव्हाही त्याच्यापुढे धावायचं नाही, एवढं मी शिकले आहे.