मायाक्काचं बिऱ्हाड आणि दोन होड्या

तर काल सांगत होतो, मायाक्कानं त्या रुंद होडीच्या आतल्या भिंतीवर बोटानं टकटक केलं, मडकं घेताना बायका वाजवून बघतात तसं, आणि विचारलं, "हिचं दार कुटल्या तोंडाचं म्हनायचं?"

नावाडी बसलिंगप्पा म्हणाला, "अक्का, होडी वळंल त्या तोंडाचं. न्याहारीला पूर्वेचं, जेवायला पश्चिमेचं."

आम्ही सगळे हसलो. मायाक्का तेवढी हसली नाही, आणि त्या दिवशी तिच्या हसण्यावरच सगळं अडलेलं होतं. पण काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

मायाक्का म्हणजे आमच्या तात्याबाची बायको. तात्याबा आणि मी माढा तालुक्यातल्या एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर बसलो. मी चौथीपर्यंत टिकलो, त्याला मेंढरांनी दुसरीतच नेला. लग्न होऊन आल्यापासून मायाक्काचं घर घोडीच्या पाठीवर. दसरा झाला की बिऱ्हाड निघायचं. खाली घोंगडी, मग भांडी, कडेला कोंबड्यांची डालगी, आणि वर जाळीत नुकती जन्मलेली कोकरं, कान हलवत. पुरुष मेंढरांमागं असायचे. घोडी घेऊन पुढं जायच्या त्या बाया, आणि तळ कुठं टाकायचा ते बायाच ठरवायच्या. संध्याकाळी तात्याबा पोचायचा तेव्हा तीन दगड मांडून मायाक्काची भाकरी सुरू झालेली असायची. एकदा मी विचारलं, "वयनी, जागा कशी वळकता?" तर म्हणाली, "मी कुटं वळकते भावजी, घोडी उभी ऱ्हाती की."

तिचा जोतिराम वैरागच्या पुढं, तूर काढलेल्या एका रानात जन्मला. रानाचा मालक भला माणूस. शेवया दिल्या, तूप दिलं, म्हणाला, बाळंतीण हाय, महिनाभर ऱ्हावा. आठवड्यातच मायाक्कानं पोर पाठीशी बांधलं. म्हणाली, "मालक, तुमच्या रानाला लेंड्या पुरल्या, आता शेजाऱ्याच्या रानाचं बगू द्या की."

अशा बाईचे गुडघे गेले हो. मेंढरं पुतण्याकडं गेली, घोडीही गेली. जोतिराम सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आहे, घर कुंभारीला. त्यानं आईला नेलं. पोरगा गुणी. कॉट आणली, डोक्यावर पंखा लावला. पण मायाक्का तिथं आटत चालली. दिवस कलला की गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसायची. शेजारीण विचारायची, "मावशी, कुटं निगालाव?" ही म्हणायची, "कुटंच न्हाय," आणि भाकरी अर्धी तशीच ठेवायची. जोतिरामला वाटायचं आपल्या घरातच काहीतरी कमी आहे. म्हणून त्यानं दुसरा पंखा आणला.

तात्याबा तोवर उजनीच्या पाण्याकाठी राखणीला लागला होता. शहरातल्या हौशी मंडळींनी तिथं शिडाच्या होड्यांचा क्लब काढलेला, त्याची राखण. बसलिंगप्पा, अक्कलकोटकडचा, तिथला जुना नावाडी. त्याच्या हाताखाली तात्याबा शीड चढवायला, सोडायला शिकला. पुढं मंडळींची हौस सरली, क्लब मोडला, विकायच्या दोन जुन्या होड्या तेवढ्या राहिल्या. तेव्हा तात्याबाच्या डोक्यात आलं की बायकोचे गुडघे चालत नाहीत, पण होडीला गुडघे लागत नाहीत. काठाकाठानं हिंडायचं, दसरा ते पाऊस.

जोतिरामनं एकच अट घातली. "जायाचं तर छपराच्या होडीतनं. न्हायतर आई कुंभारीलाच ऱ्हाईल." तात्याबालाही तीच पसंत होती. म्हणून तर बघायला मलाही बोलावलं, आणि जोतिराम आईला घेऊन आला.

बसलिंगप्पा रुंद होडीला एम्मी म्हणायचा. एम्मी म्हणजे त्यांच्या कन्नडात म्हैस. आत दोन माणसं झोपतील अशा फळ्या, गॅसची शेगडी, काचेची खिडकी. हलायची म्हणाल तर तिच्या मर्जीनं. दुसरी अरुंद, छप्पर नाही, बसायला एक आडवी फळी, शर्यतीला केलेली. "हिला निस्तं वारं दाखवायचं, नोडरी, बगा," बसलिंगप्पा म्हणाला, "पन संसाराची न्हवं ती."

एम्मीत मायाक्का बसली, खिडकीतनं बघितलं, फळीवर हात फिरवला. दाराचं विचारून झाल्यावर हात मांडीवर ठेवून नुसती बाहेर बघत राहिली. तात्याबाचं तोंड उतरलं. मला हळूच म्हणाला, "हितं बी ती उंबऱ्यावर बसल्यागत दिसतीया रं."

मग मीच म्हणालो, आलोच आहोत तर दुसरीतही बसू. बसलिंगप्पानं सगळ्यांना फुगीर जाकिटं चढवली. मायाक्का म्हणाली, "कोकरागत जाळीत घातलं की मला." शीड वर गेलं, आधी नुसतं फडफडलं, मग गच्च भरलं, आणि होडी एका अंगावर कलून अशी निघाली की जोतिरामनं माझा दंड धरला. अजून वळ आहे म्हटलं तरी चालेल. अन् तेवढ्यात मायाक्काच्या तोंडून ती हाळी निघाली. मेंढरं हलवताना धनगर जीभ टाळ्याला लावून घालतात ना, ती. गुडघे गेल्यापासून कुणी ऐकली नव्हती. तात्याबाच्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली. बसलिंगप्पा म्हणाला, "अक्का, पान्याला हाकलताय काय?" आणि मायाक्का हसली.

काठावर उतरल्यावर जोतिराम मात्र हटून बसला. रागानं नाही, काळजीनं. "आई, हिच्यात चूल कुटं मांडशील? झोपशील कुटं? छप्पर तरी हाय का हिला?"

तात्याबा माझ्याकडं बघायला लागला, मी पाण्याकडं. मायाक्कानं जाकीट काढून पोराच्या हातात दिलं आणि म्हणाली:

"जोती, घोडीवर कुनी झोपतंय व्हय? घोडीनं न्ह्यायचं, आपुन उतरायचं, आन् उतरलं तितं दगुड मांडायचं. छपराचं घर तुजं हाय की कुंभारीला, पाऊस आला की येते. पर त्या म्हशीच्या पोटात बसून हिंडायचं म्हंजी तुजीच खोली पान्यावर न्हेल्यागत झालं. मला हीच घ्या. आन् पुढल्या अंगाला कोंबड्यांची डालगी बसती का, तेवडं बगा."