खालची घंटी

आमच्या ह्यांनी जे जहाज बांधलं ते कुटंच न्हाई. समुद्रात न्हाई, पुस्तकात न्हाई, आन ज्या आरमाराचं म्हनायचं ते आरमार बी कवाच संपलंय. मी तर लई दिवस आसंच समजत व्हते की हे कंपनीचं काम करत्यात.

हे चाकनला कंपनीत कॉम्प्युटरवर मशीनचे ड्रॉइंग काढायचे. सुट्टीला गाडीवर घरी येताना एका पिकअपनं बाजूनं धडक दिली आन कमरंखालचं सगळं गेलं. गेलं म्हंजे पाय हायत, पन गप हायत. घोडेगावला दवाखान्यात व्यायाम शिकवनाऱ्या म्याडम म्हनल्या, नस पुरती तुटल्याली न्हाई, पाय रोज वाकवा. पन तुमी नुस्तं वाकवून भागनार न्हाई, तुमी वाकवताना त्यांनी मनातनं पायाला सांगायला पायजे. दिवाळीपतूर कायतरी हललं पायजे, न्हाईतर मग सांधं आखडत्यात. मी नववीतनं शाळा सोडल्याली. मला एवढंच कळलं की येळ थोडा हाय आन सांगायचं काम ह्यांचं हाय.

आन हे सांगायचेच न्हाईत. मी पाय हातात घेतला की भिताडाकडं तोंड. पोरगी दोन वर्सांची, ती पोटावर चढून बसायची तरी काय न्हाई. उशीवर लॅपटॉप, त्यात ते जहाज, बास.

मोबाइलवर ह्यांचा एक ग्रुप हाय, लांब-लांबच्या देशातली मानसं हायत त्यात. त्यांनी सगळ्यांनी मिळून एक खोटा इतिहास केलाय. त्या इतिहासात इंग्रज हारलं, कोकनातलं आपलं आरमार तसंच ऱ्हायलं, मोठं झालं. आन दोन म्हायुद्धांच्या मदल्या काळात सगळ्या देशांनी ठरवलं की दहा हजार टनाच्या वर क्रूझर जातीचं जहाज बांधायचं न्हाई. खरं बी तसंच ठरलं व्हतं म्हनं. तर ह्यांच्याकडं त्या आरमाराच्या जहाजाचं ड्रॉइंग काढायचं काम आलं, हेवी क्रूझर, म्हंजे मोठ्या तोफांचं लढाऊ जहाज. पत्रा जाड केला की वजन वाढतं, तोफा वाढवल्या की बोट खाली बसती, इंजिन मोठं केलं की तेलाला जागा ऱ्हात न्हाई.

सासूबाई म्हनायच्या, भात लावायला मानूस मिळंना आन ह्यो बोट बांधतोय, डिंभ्याच्या धरनात सोडनार का रं? हे हसायचे बी न्हाईत.

एकदा मी चा घिऊन गेले तर हे आपल्या आपल्याशी म्हनत व्हते, वजन लई झालं, कायतरी उतरवायला पायजे. मला वाटलं, हे सोताचंच वजन म्हनत्यात. मी तशीच माळ्यावर चढले, फवारनीच्या औषधाची बाटली काढली आन शेजारच्या काकीकडं ठिवली, पोरगी हात घालती म्हनून सांगितलं. संध्याकाळी कळलं की मागची एक तोफ काढली व्हती. तरी बाटली मी आनली न्हाई.

मग मी जहाजाचंच इचारायला लागले. पाय वाकवायचा आन इचारायचं, हितं काय हाय, मानसं कुटं निजत्यात, चूल कुटं पेटवत्यात. सांगताना ह्यांचं तोंड भिताडाकडनं माझ्याकडं यायचं. मला आर्धं कळायचं न्हाई. पन आवाज तर यायचा घरात.

एकदा इचारलं, कप्तान वर, इंजिन तळाला, मग खालच्यांना कळतं कसं? हे म्हनले, वर एक दांडा आसतो, त्याच्या चकतीवर लिवल्यालं आसतं, थांब, हळू पुढं, जोरात पुढं. वर दांडा फिरवला की खाली घंटी वाजती, आन खालचा गडी आपला दांडा तितंच फिरवतो, म्हंजे वर घंटी वाजती. खालनं घंटी आली म्हंजी हुकूम पोचला.

माझ्या तोंडावर आलं व्हतं, मग तुमी बी सांगा की खाली. न्हाई बोलले. भ्याले, परत भिताडाकडं फिरतील म्हनून.

गनपती गेलं आन जहाज पुरं झालं. ग्रुपातल्यांनी वावा केली, ह्यांनी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी मी पाय घेतला आन इचारायलाच काय ऱ्हायलं न्हाई. मी म्हनलं, अजून एक बांधा. हे म्हनले, दुसरं ह्याच ड्रॉइंगवर बांधत्यात, त्याला ह्याची भैन म्हनत्यात, नवं काय काढायचं नसतं. आन फिरले भिताडाकडं. तीन-चार दिवस तसंच. दवाखान्यातनं म्याडमनी फोन केला, हललं का काय?

मग एक दिवस माझ्या तोंडातनं गेलं. मी म्हनलं, "तुमच्या जहाजाला धडक बसलीय."

हे म्हनले, "कुनाची?"

"म्हाईत न्हाई. बाजूनं बसली. हितं." आन मी ह्यांच्या कमरंवर हात ठिवला.

अपघात झाल्यापसनं घरात कुनी त्याचं नावच काढलं नव्हतं. मी म्हनलं संपलं, आता पायाला हात बी लावून देनार न्हाईत. पोरगी दारात तेरड्याची बोंडं फोडत बसली व्हती.

मग भिताडाकडं बघतच हे म्हनले, "बुडलं का?"

"न्हाई. तरंगतंय. वरनं हुकूम जातो, खालनं घंटीच येत न्हाई."

"मग गडी मेलं आसतील."

"न्हाई मेलं वं," मी म्हनलं. "म्याडम म्हनल्या, तार पुरती तुटल्याली न्हाई. वरनंच कुनी दांडा फिरवंना."

मला रडू यायला लागलं म्हनून मी खाली मान घालून पाय वाकवला. गुडगा वर, खाली. परत वर घेताना आवाज आला, लई बारीक, "हळू पुढं."

मी तळव्याला हात लावून तशीच थांबले. गार व्हता तळवा. कायच झालं न्हाई.

हे म्हनले, "वाजली?"

खोटं बोलावं वाटलं, पन ह्यांना कळलं आसतं. मी म्हनलं, "न्हाई अजून."

"पाय धरून ठीव," हे म्हनले, आन परत म्हनले, "हळू पुढं."

काल बी म्हनले, आज बी म्हनले. दिवाळी जवळ आलीय. मी तळवा धरून बसती.